छोट्या क्लबात बर्फ कोण घालतं ते आधी विचार

पत्र:

नमस्कार काका, मी मूळची सांगलीची, गेली नऊ वर्षं कॅनडात सस्कॅचेवानमधे आहे, एका शेतकी को-ऑपमधे अकाउंट्स बघते. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या बायकांनी ओढून कर्लिंगला, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाला, नेलं आणि मी त्यात अडकलेच. आधी क्लबची ट्रेझरर झाले, आणि या एप्रिलच्या एजीएमला कोणीच हात वर करेना म्हणून आमच्या भागातल्या कर्लिंग असोसिएशनची प्रेसिडेंट. आमचे अकरा क्लब आहेत. एक शहरातला आठ शीटचा (शीट म्हणजे खेळायचा एक बर्फाचा पट्टा), सहा चार-चार शीटचे आणि चार अगदी छोट्या गावांतले, दोन-दोन शीटचे. फंडात 38 हजार डॉलर आहेत. बोर्डातले जुने लोक म्हणतात, यातून प्रांताची मोठी स्पर्धा आपल्याकडे भरवू. एका छोट्या क्लबचा कॉम्प्रेसर गेलाय, 27 हजारांचं कोटेशन आलंय, ते म्हणतात आम्हाला द्या नाहीतर यंदा बर्फ नाही. शहरातला क्लब म्हणतो, सगळ्यात जास्त फी आम्ही भरतो, मिळतं काय, आम्ही बाहेर पडतो. आणि एक माजी प्रेसिडेंट आहेत, पंच्याहत्तरीचे, मी काहीही मांडलं की म्हणतात हे आम्ही तीस वर्षांपूर्वीच करून बघितलंय. पैसे कुठे घालू? आणि हे लोक माझं ऐकतील असं काय करू?

— नाइलाजाने झालेली प्रेसिडेंट

उत्तर:

अगं नाइलाजाने झालेली, असल्या असोसिएशनचा प्रेसिडेंट नाइलाजानेच होतो, हौसेने होणाऱ्यांपासून जरा जपून राहावं असा माझा अनुभव आहे. मी 1987 ला ठाण्याहून विनिपेगला आलो, तिसऱ्या हिवाळ्यात कर्लिंगला लागलो आणि मग क्लबाचा ट्रेझरर, मग भागाच्या बोर्डावर दोन टर्म, म्हणजे तू आत्ता ज्या खुर्चीत बसलीयस तिच्या शेजारच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढलीत. ठाण्याला फोन केला की अजूनही भाऊ विचारतो, काय रे, तो बर्फावरचा कॅरम चाललाय का? चाललाय म्हणतो.

तू विचारलंयस की पैसे कुठे घालू. ते सांगतो, पण त्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कारण तुझ्या पत्रात तिन्ही बाजूचे लोक असं बोलतायत की जणू असोसिएशन ही कोणीतरी वेगळी श्रीमंत आत्या आहे आणि तिची पर्स तुझ्या हातात आलीय. तसं नाहीये. कर्लिंगमधे क्लब आधी आले आणि फेडरेशन मागाहून. मॉन्ट्रियलचा क्लब 1807 चा. स्कॉटलंडमधल्या क्लबांनी सगळ्यांचे नियम एकसारखे असावेत म्हणून एडिंबरात ग्रँड कॅलेडोनियन क्लब काढला तो 1838 ला, त्याला रॉयल लागलं 1843 ला. इथे कॅनडातसुद्धा ब्रायर, म्हणजे पुरुषांची देशपातळीची स्पर्धा, 1927 पासून खेळली जातेय आणि सबंध देशाची संघटना झाली 1935 ला, म्हणजे लोक आधी खेळत होते, मग त्यांना वाटलं की चार कामं एकत्र केली तर बरं. आज तिचं नाव कर्लिंग कॅनडा, तिचे 14 सदस्य आहेत, प्रांत आणि टेरिटरी धरून, आणि उत्तर ऑंटारियो वेगळा मोजून, त्या प्रत्येकाच्या खाली तुझ्या क्लबासारखे क्लब आणि मधे कुठेतरी तू. तू सांगलीची आहेस म्हणजे विकास सोसायटी काय असते हे तुला मी सांगायला नको. सोसायटीचा सेक्रेटरी मालक नसतो, सभासदांचं काम सोपं करायला ठेवलेला माणूस असतो. तू ती आहेस.

मग सभासदांचं काम काय? बर्फ. बाकी सगळं नंतर.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की सप्टेंबर संपेपर्यंत पैशाचा एकही ठराव मांडू नकोस. आणि तोवर अकराही क्लबांना स्वतः जाऊन ये. लॅपटॉप आणि स्लाइड्स घेऊन नाही, नुसतीच जा. प्रत्येक ठिकाणी एकच विचार, तुमच्याकडे बर्फ कोण घालतं? मग त्या माणसाला भेट. तुला पैजेवर सांगतो, त्या चार छोट्या गावांपैकी निदान तिघांत तो एक रिटायर झालेला शेतकरी निघेल, सत्तरी ओलांडलेला, गेली पंचवीस वर्षं फुकट करतोय, आणि प्लांटच्या कुठल्या व्हॉल्व्हला अर्धा फेरा द्यायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे फक्त त्याच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही. त्याचा गुडघा गेला की क्लब गेला. लोक समजतात क्लब मेंबर कमी झाले म्हणून बंद पडतात, तसंही होतं, पण मी बघितलेले दोन क्लब मेंबर असताना बंद पडले, कारण बर्फ घालणारा मुलाकडे कॅलगरीला राहायला गेला आणि त्याच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं.

आणि बर्फ म्हणजे नुसतं पाणी ओतून गोठवणं नाही हे तू आता सहा वर्षं खेळून जाणतेसच, पण बोर्डावरच्या लोकांना बऱ्याचदा ते माहीतच नसतं, त्यांना तयार बर्फावर खेळायची सवय असते. पाणी शुद्ध लागतं, क्षार राहिले तर पेबल, म्हणजे बर्फावर मुद्दाम गोठवलेले बारीक थेंब, नीट धरत नाही. बर्फ उणे 5 च्या आसपास ठेवायचा, हॉल थोडा गरम किंवा दमट झाला की वर दव धरतं आणि मग दगड अर्ध्या वाटेत रडत थांबतो. पेबल मारणं हा तर हाताचा गुण आहे, पाठीवर डबा घेऊन मागे मागे चालत एकसारखे थेंब टाकायचे, मग वरची टोकं कापून घ्यायची. बर्फ तासायच्या स्क्रेपरचं पातं धारेला बाहेरगावी पाठवावं लागतं. दगडांचा खालचा घासणारा कडा गुळगुळीत झाला की दगड वळायचा थांबतो, तो परत खरखरीत करून घ्यावा लागतो. हे सगळं आठ शीटच्या क्लबाला झेपतं कारण त्यांच्याकडे पगारी आइस टेक्निशियन आहे. दोन शीटवाल्याकडे नाही, आणि तिथे बर्फ वाईट असतो, म्हणून नवीन माणूस एकदा येतो, त्याला वाटतं हा खेळच असा कंटाळवाणा असेल, आणि परत येत नाही.

म्हणून फंडातला पहिला पैसा माझ्या मते इथे जावा. शहरातल्या क्लबाच्या टेक्निशियनला सीझनमधले काही दिवस असोसिएशनने पैसे देऊन भाड्याने घ्यायचं, पेट्रोल आणि जेवणाचे वेगळे, आणि त्याने छोट्या क्लबांना सीझनच्या सुरुवातीला एकदा आणि ख्रिसमसनंतर एकदा जाऊन यायचं. जाताना गाडीत असोसिएशनच्या मालकीची सामायिक हत्यारं, पेबल कापायचा निपर, पृष्ठभागाचं तापमान मोजायचा थर्मामीटर, हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, धार लावलेली एक जादा पाती. आणि दरवर्षी सप्टेंबरात सगळ्या क्लबांतल्या दोन-दोन माणसांना एका ठिकाणी बोलावून बर्फ घालतानाच शिकवायचं. दोन माणसं म्हणजे दोनच, एक म्हातारा आणि एक पन्नाशीच्या आतला, एकट्या म्हाताऱ्याला पाठवलं तर परत पाठवा म्हणायचं. याला किती लागेल ते तू बस आणि काढ, अकाउंटंट तू आहेस, पण मोठ्या स्पर्धेच्या खर्चासमोर हा आकडा किरकोळ निघेल.

आता त्या कॉम्प्रेसरकडे येतो. 27 हजार देऊ नकोस. मला माहितीय हे वाचून तुझ्या पोटात कालवेल कारण त्या गावातले चार चेहरे तुझ्या डोळ्यासमोर असतील, पण 38 पैकी 27 एकाला दिले की उरलेल्या दहा क्लबांना तू काय सांगणार, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याचा चिलर गेला की काय देणार? आधी हे बघ की इमारत कोणाची आहे. प्रेअरीतल्या, म्हणजे आपल्या या सपाट गवताळ प्रांतांतल्या, बऱ्याच गावांत कर्लिंगचा हॉल हॉकी रिंकला चिकटून असतो आणि बर्फाचा प्लांट दोघांत एकच, आणि जागा टाऊनच्या नावावर. असं असेल तर दुरुस्तीचा खर्च क्लबाने एकट्याने का उचलायचा हा प्रश्न टाऊन कौन्सिलपुढे जायला हवा आणि तिथे तू क्लबाबरोबर जाऊन बस, कारण गावातल्या गावात कोणी मेयरशी वाकडं घेत नाही, बाहेरून आलेली प्रेसिडेंट हिशोबाचा कागद घेऊन बसली की सूर बदलतो. सरकारी ग्रांटचे अर्ज, लॉटरीच्या पैशातून येणारी मदत, हे फॉर्म भरून देणं हे तर असोसिएशनचंच काम आहे असं मी म्हणेन. छोट्या क्लबाचा सेक्रेटरी दिवसभर कंबाइनवर असतो, तो पंधरा पानी फॉर्म बघून सोडून देतो. तू बसलीस तर एका संध्याकाळी होईल.

आणि दुसरं, कोटेशन कशाचं आहे ते नीट वाच. प्लांट अमोनियावर चालतो का? असेल तर नुसता मेकॅनिक नाही, सर्टिफाइड माणसाकडून सबंध सिस्टिम तपासून घ्यायची लेखी अट घाल, मग भले सीझन दोन आठवडे उशिरा सुरू होवो. ब्रिटिश कोलंबियात फर्नीला ऑक्टोबर 2017 मधे काय झालं ते आठव, कर्लिंगच्या बर्फासाठी असलेला जुना चिलर गळतोय हे आधी लक्षात आलेलं होतं, तरी सीझनसाठी परत चालू केला गेला, अमोनिया बाहेर पडला आणि 3 माणसं गेली. "यंदाचं वर्ष ढकलू" हे वाक्य कुठल्याही क्लबात ऐकलंस तर तिथे थांबायचं. इतर बाबतीत मी तुला नरम राहा म्हणेन, इथे नाही.

हे सगळं करून जे उरेल त्यासाठी भिशी काढ. हो, आपली भिशीच. फंडातले समजा 15 हजार बाजूला काढायचे आणि त्याला फिरता निधी म्हणायचं, क्लबाला यंत्रासाठी बिनव्याजी उसने द्यायचे, चार वर्षांत परत, आणि परत आले की पुढच्याला. अट एकच, क्लबाने स्वतः गावातून काहीतरी उभं केलेलं पाहिजे, एक तृतीयांश म्हण. फॉल सपर (गावजेवण) करा, रॅफल करा (लायसन्स काढून, नाहीतर भलतंच), जुन्या मेंबरांना पत्रं लिहा. गावाने स्वतःचे पैसे घातले की गाव त्या हॉलमधे येतं, फुकट आलेल्या कॉम्प्रेसरसाठी कोणी येत नाही. आधी तुमच्या बायलॉजमधे असं उसने देणं बसतं का ते वाचून घे आणि नसेल तर एजीएमला दुरुस्ती आण. आणि कोणाला द्यायचे हे ठरवणारे तीन जण त्या क्लबाचे नसावेत. हे तू को-ऑपमधे रोज बघतेस, मी काय सांगतोय.

स्पर्धेबद्दल माझं मत एकतर्फी आहे, आधीच कबूल करतो. आम्ही एकदा भरवली होती. प्रांताची नव्हती, त्याहून छोटी, पण तेव्हा आम्हाला वाटलं आता आपल्या भागाचं नाव होणार, टीव्हीवाले येणार, पोरं रांगा लावणार. दीड वर्ष तयारी, शंभराच्या वर व्हॉलंटियर, आणि ती आठवडाभराची गर्दी खरंच झकास होती, खोटं कशाला बोलू, शेवटच्या रात्री मी सुद्धा नाचलो. पण नंतर काय झालं तर तेच व्हॉलंटियर दमून पुढच्या सीझनला दिसेनासे झाले, चार क्लबांतल्या संध्याकाळच्या लीग बंद राहिल्या कारण चालवणारी माणसं स्पर्धेत गुंतलेली, आणि नवीन मेंबर किती मिळाले तर बोटावर मोजण्याइतके. आणि ती एक्सएल साइजची जॅकेटं अजून माझ्या गराजमधे दोन खोकी भरून आहेत, कोणाला हवी असतील तर सांगा. मोठी स्पर्धा वाईट नसते, पण ती भरवायला आधी क्लब धडधाकट लागतात, ती भरवून क्लब धडधाकट होत नाहीत. तुझ्या जुन्या लोकांना स्पर्धा हवीय कारण त्यांना काहीतरी दिसणारं हवंय, आणि ते चूक नाहीये. तर त्यांना दुसरं दे, त्या चार दोन-शीटवाल्या गावांत मिळून एक फिरता बॉनस्पील, म्हणजे वीकेंडची छोटी स्पर्धा, शुक्रवारी एका गावात, शनिवारी दोन गावांत, रविवारी फायनल चौथ्यात, प्रत्येक गावात जेवण तिथल्या लोकांचं. दोन शीटवर एका वेळेला चारच टीम खेळतात म्हणून एकटं गाव कधी बॉनस्पील भरवू शकत नाही, चौघं मिळून शकतात. चारही जागी खेळ ठेव, चारही जागी मालकी वाटेल.

शहरातला क्लब. हे बघ, त्यांची तक्रार खरी आहे. शंभर मेंबर असलेल्याला जे मिळतं तेच चारशेवाल्याला मिळत असेल आणि तो चौपट भरत असेल तर तो विचारणारच, तूही विचारलं असतंस. त्यांना भावनेने समजवायला जाऊ नकोस, "आपण सगळे एक कुटुंब" वगैरे तर अजिबात नको. एक पानाचा हिशोब कर. एका मेंबरची फी, त्यातले किती नॅशनलला, किती प्रांताला, किती इन्शुरन्सला, किती आपल्याकडे राहतात आणि त्याचं काय होतं. मला खात्री आहे की त्यांच्या बोर्डातल्या निम्म्या लोकांना वाटतंय की सगळे पैसे तुझ्याकडेच राहतात. मग फीची रचना बदलायचा विषय तूच काढ, म्हणजे ते काढायच्या आधी. सगळं डोक्यामागे न घेता थोडं शीटमागे आणि थोडं डोक्यामागे. तुमच्या अकरा क्लबांत मिळून 40 शीट होतात, त्यातली 8 शहराची. शीटचा भाग ठेवला की शहराचा भार थोडा हलका होतो आणि छोट्यांवर पडणारा वाढीव बोजा दोन शीटपुरताच असतो. नेमका आकडा तीन-चार पद्धतीने मांडून बघ आणि सगळे तक्ते सगळ्यांना दाखव. लपवलेला एक आकडा पुढची पाच वर्षं तुझ्या मागे लागतो.

त्यांना मिळायला हवं ते वेगळंच आहे खरं तर. त्यांच्याकडे जागा कमी आणि संध्याकाळच्या वेळा भरलेल्या, त्यांना कोचिंगचे कोर्स हवेत, कोचची पोलिस तपासणी वगैरे कागदपत्रं कोणीतरी सांभाळायला हवंय, शिकवायला माणसं हवीत. ते दे. आणि त्यांच्याकडून त्यांचा टेक्निशियन घे, ते दगड बदलतील तेव्हा जुने दगड छोट्या क्लबांना पहिल्यांदा विचारून विका असं ठरवून घे. एका शीटला 16 दगड लागतात आणि प्रत्येकाची किंमत तुला माहितीच आहे, स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावरचा ग्रॅनाइट काही कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधे मिळत नाही, त्यामुळे हे छोट्यांसाठी फार मोठं आहे. आणि कोणी म्हणालाच की छोट्या गावांना जगवून आम्हाला काय मिळणार, तर तुझ्याच प्रांतातलं नाव घे, सँड्रा श्मर्लर. 1998 ला नागानो ऑलिम्पिकमधे बायकांचं कर्लिंग पहिल्यांदा मेडलचा खेळ म्हणून आलं त्यात सोनं तिच्या टीमने जिंकलं, टीम रिजायनाची होती, पण ती वाढली बिगरमधे, जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात. शहरातल्या क्लबाच्या भिंतीवर जे फोटो टांगलेत ना, त्यातली निम्मी माणसं कुठल्या गावातून आली ते त्यांनाच मोजायला लाव.

मेंबर वाढवण्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण थोडं बोलतोच. आपल्या क्लबांत एक जुनी खोड आहे, चार जणांची टीम घेऊन या आणि नाव नोंदवा. गावात नवीन आलेली फिलिपिनो नर्स किंवा पंजाबी ट्रकवाला किंवा तुझ्यासारखी कोणी, ती तीन माणसं आणणार कुठून? तुला ऑफिसातल्या बायकांनी नेलं म्हणून तू आलीस, नाहीतर तो दरवाजा तू ढकलला असतास का, प्रामाणिकपणे सांग. प्रत्येक क्लबात आठवड्यातली एक रात्र एकट्याने नाव देता येईल अशी ठेवा, पहिलं सबंध वर्ष त्यात शिकवणारा माणूस बर्फावर असेल आणि सगळे सारखेच कच्चे असतील. दोघांचं डबल्सही चालतं, लवकर संपतं आणि छोट्या क्लबाला दोन टीमचे आठ जण गोळा करायची गरज राहत नाही, चार आले तरी एक मॅच होते. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना उभ्यानेच काठीने दगड ढकलून खेळू द्या, त्याला कमीपणा मानणारे लोक अजून आहेत, त्यांचेही गुडघे जातीलच. शाळेत जिमच्या फरशीवर चाकांचे दगड घेऊन जातात त्या रॉक्स अँड रिंग्जला तुमच्या भागात बोलवा, पण पोरं त्या दिवशी घरी जाताना हातात क्लबाची तारीख-वार लिहिलेली चिठ्ठी पाहिजे, नाहीतर तो नुसता पीटीचा तास होतो.

आणि ऑलिम्पिकचं एक लक्षात ठेव, कारण यात सगळे क्लब दर चार वर्षांनी तोंडघशी पडतात. ते येतं फेब्रुवारीत. लोक टीव्हीवर बघतात, फोन करतात, आम्हालाही खेळायचंय, आणि तोवर आपला सीझन संपत आलेला, मार्चअखेर बर्फ काढायची तयारी चाललेली. "ऑक्टोबरमधे या" म्हटलं की ते कायमचे गेले. ऑलिम्पिकच्या वर्षी मार्चमधले दोन-तीन वीकेंड आधीपासून अडवून ठेवायचे, आलेल्याकडून ऑक्टोबरच्या लीगसाठी नाव आणि थोडे पैसे तिथेच घ्यायचे. हे एका क्लबाला सुचत नाही, असोसिएशनने वर्षभर आधी सांगायला लागतं.

आता तुझे पंच्याहत्तरीचे माजी प्रेसिडेंट. मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला त्यांच्याबद्दल थोडं वाईटच वाटलं, कारण आता मीही त्याच वयाकडे चाललोय आणि मीही असं म्हणतो, आमच्या घरी कोणालाही विचार. "आम्ही हे करून बघितलंय" याचा अर्थ दर वेळेला "करू नका" असा नसतो, बऱ्याचदा "मला कोणी विचारलंच नाही" एवढाच असतो. तर विचार. मीटिंगमधे नाही, तिथे ते आपली जागा सोडणार नाहीत. फोन कर आणि सांग, मला अकरा क्लब बघायचेत, तुम्ही सगळ्यांना ओळखता, तुमच्या ट्रकमधून नेता का? बघ नाही म्हणतात का. प्रेअरीतला माणूस दोनशे किलोमीटर गाडी चालवताना जे बोलतो ते बोर्डरूममधे दहा वर्षांत बोलत नाही. आणि फायदा तुझाच आहे, त्या छोट्या गावातला बर्फ घालणारा शेतकरी तुला पाहून आधी हॅलो म्हणून गप्प बसेल, यांना पाहून प्लांटरूमचं दार उघडेल. त्यांनी काय काय करून बघितलं होतं आणि का फसलं ते वाटेत लिहून घे. त्यातलं एखादं पंचवीस वर्षांपूर्वी फसलेलं आता चालेलही.

तू बाई आहेस, बाहेरून आलेली आहेस, सहाच वर्षं खेळलीयस, हे पत्रात तू लिहिलं नाहीयेस पण "माझं ऐकतील असं काय करू" या वाक्यात ते सगळं आहे, मला कळलं. यावर मी तुला फार शहाणपणा शिकवणार नाही, मी पुरुष होतो त्यामुळे मला निम्माच त्रास झाला. एवढं सांगतो की या खेळाची एक रीत आपल्या फार कामाची आहे, क्लबातल्या खेळात अंपायर नसतो, दगडापुढचा बर्फ घासायचा झाडू दगडाला लागला तर ज्याचा लागला तोच सांगतो, आणि मॅच झाली की जिंकलेले हरलेल्यांना काहीतरी पाजतात आणि सगळे एका टेबलाला बसतात. मी दारू घेत नाही, तीस वर्षं जिंजर एल पितोय, कोणी कधी काही म्हणालं नाही, पण टेबल सोडून घरी निघून गेलो असतो तर मात्र म्हणाले असते. माझी बोर्डावरची निम्मी कामं त्या टेबलावर झाली. ईमेलवर भांडू नकोस. रात्री दहानंतर आलेल्या ईमेलला तर उत्तरच देऊ नकोस, सकाळी फोन कर. आणि एखाद्या बाबतीत तुझी चूक झाली तर झाडू लागला म्हणतो तसं सरळ म्हणून टाक, या लोकांत त्याला फार मान आहे.

एक शेवटचं, तुझ्यासाठी. दोन वर्षांनी तू ही खुर्ची सोडणार हे आत्ताच बोर्डाला सांग आणि व्हाइस प्रेसिडेंट म्हणून त्या चार छोट्या क्लबांपैकी कोणालातरी घे, आणि त्याला पहिल्या दिवसापासून बँकेची सही, पासवर्ड, ग्रांटच्या तारखा सगळं दाखव. नाहीतर त्या बर्फ घालणाऱ्या शेतकऱ्यासारखं व्हायचं, सगळं तुझ्याच डोक्यात.

क्लबांच्या भेटींतल्या शेवटच्या एक-दोन मात्र सप्टेंबरच्या शेवटी ठेव, नुसतं बघायला नको, हात लावायला. पांढरा रंग मारून झाला की निशाणाच्या रिंग काढायच्या असतात, मग लोकरीचे धागे ताणून रेघा बसवायच्या, आणि त्या वेळेला सगळी माणसं शेतात हार्वेस्टला असतात त्यामुळे गुडघ्यावर बसायला नेहमी एक माणूस कमी पडतो. जाड मोजे घाल, गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी ने. ज्या गावाचा कॉम्प्रेसर गेलाय तिथे मात्र आधी जा, आत्ता, जुलैतच, बर्फ नसला तरी कॉफी असतेच.

— काका